तेरवीला फोटो सापडत नाही

घरातलं म्हातारं माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत एक काम हमखास निघतं, फोटो शोधण्याचं. तेरवीला हार घालायला फोटो लागतो, पत्रिकेवर छापायला लागतो, चौकातल्या श्रद्धांजलीच्या बॅनरवर लागतो. आणि ज्या घरात चार-पाच स्मार्टफोन आहेत, त्यांत मिळून हजारो फोटो आहेत, त्याच घरात गेलेल्या माणसाचा एक धड फोटो सापडत नाही. एका फोटोत तो लग्नाच्या पंगतीत मागच्या ओळीत अर्धा झाकलेला असतो. दुसऱ्यात नातवाच्या सेल्फीच्या कोपऱ्यात असतो, एक कान कापला गेलेला. तिसरा असतो निराधार योजनेच्या अर्जासाठी काढलेला पासपोर्ट फोटो, डोळे विस्फारलेले, खांद्यावर कचेरीच्या शिक्क्याची निळी कड. मग पोरगा फोन घेऊन स्टुडिओत जातो आणि विचारतो, “भाऊ, याच्यातून आमच्या बुढ्याचा फोटू मोठा निघन काय?”

जऊळका हे वाशीम जिल्ह्यातलं, मालेगाव तालुक्यातलं, अकोला–पूर्णा रेल्वेमार्गावरचं गाव. तिथं आणि भोवतालच्या खेड्यांत हा प्रश्न घरोघरी कधी ना कधी येतोच. रोजच्या फोटोंसाठी फोनवर विसंबावं की वेगळा कॅमेरा घ्यावा, ही चर्चा शहरातले हौशी लोक करतात ती मेगापिक्सेल, लेन्स, वजन आणि किंमत यांच्याभोवती. खेड्यात याच प्रश्नाला दुसरं एक अंग आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. फोटोत माणूस कसा दिसावा, हे कोण ठरवतं? फोन रोजच्या कामाला पुरतो, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण रोजचे फोटो इतके सहज झाले की बसवून, सांगून, ठरवून काढायचा फोटो आपण काढेनासे झालो. त्या एका फोटोसाठी गावात कॅमेरा हवा आणि तो चालवणारं माणूस हवं, असं माझं ठाम मत आहे.

आधी फोनची बाजू मांडतो, आणि ती मनापासून. खरिपात जऊळक्याच्या शिवारात सोयाबीन उभं असतं, मधे तुरीचं तास असतं आणि धुऱ्यावर फोन उंचावून कुणीतरी उभं असतं. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. त्याआधी पिकाची नोंद तलाठी करायचा आणि कोणत्या वावरात काय पेरलंय ते पुष्कळदा चावडीत बसूनच लिहिलं जायचं. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात जाऊन ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा, फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश जातात आणि सातबाऱ्यावर पीक चढतं. पीकविम्यातही कित्येक हंगाम असा नियम होता की गारपिटीने किंवा पाणी साचून नुकसान झालं तर 72 तासांच्या आत कळवायचं आणि ॲपवर कळवताना पिकाचा फोटो जोडायचा. लाख रुपयांचा कॅमेरा या कामाला उपयोगाचा नाही. त्यात ॲप चालत नाही, आपण कोणत्या गटात उभे आहोत हे त्याला सहसा कळत नाही, आणि नाल्याचं पाणी पहाटे वावरात शिरतं तेव्हा तो घरी कपाटात असतो. वऱ्हाडात शेतकरी एक सांगतो आणि साहेब दुसरं सांगतो तेव्हा आजवर साहेबाचंच खरं धरलं गेलं. तारीख, वेळ आणि जागा यांच्यासकट पुरावा शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती येणं ही लहान गोष्ट नाही. 1 जुलै 2024 ला लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 105 तर झडती आणि जप्तीचं चित्रीकरण शक्यतो मोबाइल फोननेच करा असं सांगतं. जऊळका ठाण्याचे पोलीस झडतीला जातात तेव्हा कायद्यालाही त्यांच्या खिशातला फोनच अभिप्रेत असतो.

पण याच फोटोची दुसरी बाजूही इथल्या माणसांनी भोगली आहे. रोजगार हमीच्या सार्वजनिक कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा फोटो काढून ॲपवर चढवणं सक्तीचं झालं. नेमून दिलेलं काम दुपारपर्यंत उरकलं तरी दुसऱ्या फोटोसाठी थांबायचं, रेंज नसली तर रेंज असेल तिथवर चालत जायचं, आणि फोटो चढला नाही तर त्या दिवसाची मजुरी अडकायची. एवढं करून खोटेपणा थांबला का? जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच परिपत्रक काढून सांगावं लागलं की भलतेच फोटो चढवले जात आहेत, आधीच्या फोटोचा फोटो काढून हजेरी लावली जात आहे.

या सगळ्या फोटोंचा एक गुण सारखा आहे आणि तो ध्यानात घेण्यासारखा आहे. आज खेड्यात जे फोटो सर्वांत काळजीने, नियम पाळून, नेमल्या वेळी काढले जातात, ते सगळे गावाबाहेर पाठवण्यासाठी काढले जातात. पिकाचा फोटो सर्व्हरवर जातो, घरकुलाच्या पायव्याचा फोटो पंचायत समितीत जातो, हजेरीचा फोटो दिल्लीला जातो. घरात ठेवायचा फोटो मात्र जमलं तर, दिसलं तर, हात मोकळा असला तर.

ही रीत नवी नाही. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला रॉबर्ट गिल 1844 मध्ये इकडे आला. पुढे त्याने कॅमेरा हाती घेतला आणि त्याच्या फोटोंची दोन पुस्तकं 1864 मध्ये लंडनला निघाली. अजिंठ्याप्रमाणे जऊळक्यापासून फार दूर नसलेल्या लोणारची देवळंही त्याने टिपली. म्हणजे आपल्या या भागात कॅमेरा आला तो दगडी देवळांसाठी. त्या काळच्या अशा फोटोंत माणूस बहुधा खांबाची उंची कळावी म्हणून उभा केलेला असे. त्याच सुमाराला, 1868 ते 1875 या वर्षांत, इंग्रज सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. त्यांत देशभरातली माणसं आहेत, पण ती जातीजमातीचे नमुने म्हणून मांडलेली. त्या माणसांना आपण कसं दिसावं असं वाटत होतं, हे कुणी विचारलं नाही. हजेरीच्या ॲपसमोर ओळीने उभं राहिलेल्या बायांनाही ते कुणी विचारत नाही. मधे दीडशे वर्षं गेली, यंत्र खिशात मावू लागलं, पण सरकारी कॅमेऱ्यासमोर माणूस अजून मोजण्यासाठीच उभा राहतो.

माणसाला विचारणारा फोटो आपल्याकडे होता तो स्टुडिओत. मालेगावला, वाशीमला, फार तर अकोल्याला जाऊन काढलेला. लाकडी खुर्ची, मागे रंगवलेला पडदा, शेजारी स्टुलावर प्लास्टिकच्या फुलांचा गुच्छ. माणूस धोतर नीट करायचा, टोपी सरळ करायचा, दोन्ही पंजे गुडघ्यांवर ठेवायचा आणि लेन्सकडे बघायचा. बाई पदर डोक्यावरून घ्यायची, पाटल्या दिसतील असा हात पुढे ठेवायची. आजची पोरं हे फोटो पाहून म्हणतात, किती ताठ बसलेत. मला त्या ताठपणात त्या माणसाचं स्वतःबद्दलचं म्हणणं दिसतं. मी असा आहे, मला असं बघा. वर्षभर दुसऱ्याच्या वावरात राबणारा सालदारही त्या खुर्चीवर बसला की तेवढा वेळ कुणाचा सालदार नसायचा.

तंत्राच्या अंगानेही तो फोटो आजच्यापेक्षा भक्कम होता, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. घरगुती कॅमेऱ्यांचंच उदाहरण घ्या. बडोद्याला बनणारा ॲग्फा क्लिक थ्री हा साध्यातला साधा कॅमेरा. 120 च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघायचे, निगेटिव्ह जवळजवळ सहा बाय सहा सेंटिमीटर. लेन्स साधीच होती, पण प्रकाश पडायला जागा केवढी मोठी! आजच्या दहा-बारा हजारांच्या फोनमध्ये पाठीवर 50 मेगापिक्सेल छापलेलं असतं, पण त्यातल्या सेन्सरचं क्षेत्रफळ असतं साधारण वीस ते पंचवीस चौरस मिलिमीटर. साध्या डीएसएलआरमध्ये तेच सुमारे 370 चौरस मिलिमीटर, फुल फ्रेम कॅमेऱ्यात 864. जागा लहान म्हणजे गोळा होणारा प्रकाश कमी, प्रकाश कमी म्हणजे चित्रात दाणे जास्त. ते झाकायला फोन काय करतो, यातच सगळी मेख आहे.

फोन बटण दाबल्यावर एक फोटो काढत नाही. तो भराभर अनेक फोटो घेतो, ते एकावर एक बसवतो, दाणे पुसतो, कडा धारदार करतो, सावल्या उजळतो. ही करामत खरोखर थोर आहे. धुराने भरलेल्या स्वयंपाकघरात, रात्रीच्या भजनात, पोळ्याच्या संध्याकाळी बैल तोरणाखाली उभे असतात तेव्हा, नवशिक्याच्या हातातल्या महागड्या कॅमेऱ्यापेक्षा फोन सरस फोटो देतो. ते मान्य केलंच पाहिजे. पण दाणा कुठला आणि सुरकुती कुठली, हे त्या गणिताला नेहमी कळत नाही. दाणे पुसताना ते सत्तरीच्या बाईच्या गालावरचं जाळं पुसतं. ब्यूटी मोड चालू असेल, आणि पुष्कळ फोनांत तो कुणी मुद्दाम बंद केल्याशिवाय बंद नसतो, तर रंगही उजळतो. उन्हात चाळीस पावसाळे निंदण करून आलेला काळसर तांबूस रंग पिठासारखा होतो. पोर्ट्रेट मोडमध्ये मागचं धूसर करताना पांढरे केस आणि फेट्याचा सुटलेला शेव भिंतीबरोबर विरघळून जातो, कारण ती धूसरता लेन्सची नसते, अंदाजाने रंगवलेली असते. भरीला फोनची मुख्य लेन्स रुंद नजरेची, 24 ते 27 मिलिमीटरच्या तोडीची. चेहरा मोठा यावा म्हणून आपण फोन हातभर अंतरावर नेतो, मग नाक फुगतं आणि कान मागे जातात. हाच चेहरा सात-आठ फुटांवरून लांब लेन्सने घेतला तर माणूस जसा ओट्यावर बसलेला दिसतो तसाच दिसतो.

आता त्या स्टुडिओत परत जाऊ, जिथं पोरगा फोन घेऊन उभा आहे. फोटो व्हॉट्सॲपवर आलेला असतो, म्हणजे लांब बाजूला साधारण 1600 पिक्सेल उरलेले. त्यात चौदा-पंधरा माणसं उभी. संगणकावर मोठं केलं की म्हाताऱ्याचा चेहरा शंभर पिक्सेल रुंद भरतो. घरच्यांना हवी असते बारा बाय अठरा इंचांची फ्रेम, जिच्यात चेहरा निदान पाच इंच यावा. म्हणजे एका इंचाला वीस पिक्सेल, जिथं चांगल्या छपाईला तीनशे लागतात. ऑपरेटर शेजारणीचा खांदा कापून काढतो, मागे निळं आकाश टाकतो, सदऱ्यावर तयार कोट चढवतो. पूर्वी तो इथंच थांबायचा आणि फोटो पुसट यायचा. पुसट असला तरी त्या माणसाचाच असायचा. आता तो एआयचं एक बटण दाबतो आणि चेहरा लख्ख होतो. पापण्यांचे केस दिसू लागतात, डोळ्यांत चमक येते. ते डोळे कुणाचे असतात? शंभर पिक्सेलमध्ये डोळ्याच्या वाट्याला वीस-पंचवीस ठिपके येतात, त्यातून पापण्या निघूच शकत नाहीत. यंत्र लाखो दुसऱ्या चेहऱ्यांवरून शिकलेले डोळे तिथं बसवतं. मार्च 2023 मध्ये सॅमसंगच्या फोनबद्दल असाच गाजावाजा झाला होता. मुद्दाम पुसट केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला तरी फोन त्यावर खड्डे उमटवतो, हे एकाने दाखवून दिलं. पण चंद्र सगळ्यांचा एकच आहे, त्याचे खड्डे जगभर तेच. आपला बाप तसा नाही. त्याच्या डाव्या भुवईवर बैलाचं शिंग लागल्याची खूण होती, ती त्या लाखो चेहऱ्यांत कुठून असणार? ती फ्रेम भिंतीवर लागते, वर्ष-दोन वर्षांत डोळ्यांना सवय होते, आणि नातवंडं त्या अनोळखी डोळ्यांनाच आजोबा म्हणून ओळखू लागतात. मला हे नुकसान फार मोठं वाटतं. पंजोबांचा स्टुडिओतला एकुलता एक फोटो खरा आहे आणि हजारो फोटोंच्या काळात गेलेल्या बापाचा खोटा, अशी अवस्था आपण आपल्या हातांनी आणली आहे.

यावर कुणी म्हणेल, गेलेल्या दिवसांचे गोडवे गाऊ नका. गात नाही. त्या स्टुडिओत गावातली किती माणसं पोचायची? पैसा असलेली, तालुक्याला जायला सवड असलेली, आणि बहुतेक पुरुष. जुन्या अल्बममध्ये बाई दिसते ती मुंडावळ्या बांधलेली, डोहाळजेवणात फुलांच्या वाडीत बसवलेली, किंवा स्थळ म्हणून दाखवायला काढलेल्या फोटोत भेदरलेली. वावरात वाकलेली, कापूस वेचणारी, जावेबरोबर खळखळून हसणारी बाई तिथं नाही. कॅमेरा पुरुषाच्या गळ्यात होता आणि रोलमध्ये छत्तीसच फोटो होते. पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत फिरून काढलेल्या फोटोंचं ‘व्हिजिबल वर्क, इनव्हिजिबल विमेन’ हे प्रदर्शन गाजलं ते यामुळेच. डोळ्यांसमोर असलेलं बायांचं काम फोटोत आणायला एका पत्रकाराला वर्षानुवर्षं हिंडावं लागलं. आज कॉलेजात जाणारी पोरगी आईचा निंदतानाचा फोटो स्टेटसला ठेवते. आई ओरडते, “काहाले काढतं वं असे फोटू,” आणि तरी हसते. ते हसणं फोनशिवाय कधीच टिपलं गेलं नसतं. याबाबतीत फोनने जे केलं ते दीडशे वर्षांत कुठल्याच कॅमेऱ्याला जमलं नव्हतं.

फक्त ते हसणं टिकत नाही. स्टेटस चोवीस तासांत जातं. फोन पाण्यात पडतो, चोरीला जातो, ‘स्टोरेज फुल’ म्हणतो आणि मग घाईने पुसायला घेतलं की आधी जुने फोटो जातात. गुगल फोटोजमध्ये अमर्याद फुकट जागा होती ती 1 जून 2021 पासून बंद झाली, आता मेल आणि बाकी सगळं धरून 15 जीबी. या भागातल्या घरांत तर एक सबंध पोकळीच आहे, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलेलं नाही. 2008 मध्ये अकोला–पूर्णा मार्गावरची मीटरगेज गाडी जाऊन ब्रॉडगेज आली. त्याच सुमाराला रोलचे कॅमेरे संपत आले होते आणि हातातल्या फोनमध्ये होता व्हीजीए कॅमेरा, म्हणजे जेमतेम 0.3 मेगापिक्सेलचा. जऊळका स्टेशनात उभी राहणारी ती छोटी गाडी, तिच्यातून उतरणारी माणसं, त्या वर्षांत जन्मलेली लेकरं, यांचे फोटो कुठल्यातरी मेमरी कार्डात होते आणि ती कार्डं आता कुणाला सापडत नाहीत. पुढे 2016 मध्ये जिओ आलं, स्वस्त डेटा आला, फोन सुधारले. पण मधली दहा-बारा वर्षं गेली ती गेलीच.

मग घरटी एकेक कॅमेरा घ्यावा का? मुळीच नाही. जगभरात 2010 मध्ये बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, 2023 मध्ये तो आकडा 77 लाखांवर आला. लोक वेडे नाहीत. हौसेने घेतलेला कॅमेरा पहिल्या लग्नानंतर बॅगेत जातो, पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते, बॅटरी मरते, फोटो कार्डातून संगणकात आणि संगणकातून फोनमध्ये घेण्याचा कंटाळा येतो. सोयाबीन काढणीच्या धुळीत लेन्स बदलून पाहा म्हणजे कळेल. रोजच्या फोटोंसाठी वेगळा कॅमेरा घ्या असं खेड्यातल्या कुणाला सांगणं म्हणजे त्याचे पैसे वाया घालवणं आहे. दुकानदाराने सांगितलं तरी घेऊ नये.

कॅमेऱ्याचं खरं बळ मला सेन्सरइतकंच दुसऱ्या एका गोष्टीत दिसतं. कॅमेरा बाहेर निघाला की समोरच्याला कळतं, आपला फोटो काढला जाणार आहे. तो सावरतो, नको असेल तर नको म्हणतो, थांब म्हणतो, टोपी आणायला आत जातो. फोन कानाला लावलेला आहे की आपल्यावर रोखलेला, हे म्हाताऱ्या माणसाला उमगतही नाही. न सांगता काढलेले फोटो जिवंत येतात हे खरं, पण त्यांत निवड काढणाऱ्याची असते. अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले, 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. संदेश भंडारे यांनी वारीचे आणि तमाशाच्या फडांचे फोटो काढले. या दोघांच्या फोटोंतली माणसं आपल्याकडे बघतात तेव्हा आपलीच नजर खाली जाते. तिथं लेन्सचं श्रेय थोडं आहे. मोठं श्रेय आहे त्या माणसांबरोबर काढलेल्या वेळाचं आणि त्यांनी दिलेल्या होकाराचं. गटारात उतरलेला कामगारही त्या फोटोत कीव मागत नाही.

हे फोनने होणार नाही का? होईल, आणि कॅमेरा नसेल तर जरूर करावं. ब्यूटी मोड बंद करायचा. घराच्या दारात, उन्हात नको, सावलीत पण उजेडाकडे तोंड करून खुर्ची ठेवायची. दोनपट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरायची, नसेल तर चार-पाच पावलं मागं सरून काढायचं आणि नंतर कापून घ्यायचं. फोन डोळ्यांच्या रेषेत धरायचा, वरून खाली नाही. पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायचा. आणि छापून घ्यायचा, त्याच महिन्यात. एवढं केलं तरी तेरवीची धावपळ निम्म्याने वाचेल. पण माझा अनुभव असा की फोन हातात असला की हे होत नाही. आज करू, उद्या करू, फोन काय हातातच आहे. जी गोष्ट केव्हाही करता येते ती केलीच जात नाही, आणि मधेच एखादा मेसेज येतो, अंगठा तिकडे वळतो, आजी खुर्चीतून उठून आत जाते.

म्हणून मी गावाला एक कॅमेरा म्हणतो, आणि तो विकतही घ्यावा लागणार नाही. फोटोग्राफर बहुतेक गावांत आहेत. स्टुडिओ आता झेरॉक्स, आधार आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान झाला आहे, पण लग्नाच्या कामासाठी त्याच्याकडे डीएसएलआर आहे, 50 मिलिमीटरची लेन्स आहे, छत्रीचा लाइट आहे. शिवाय तो गावचा आहे, म्हाताऱ्या माणसांना नावाने, नात्याने हाक मारतो. चातुर्मासात लग्नं नसतात. आषाढीपासून तुळशीचं लग्न लागेपर्यंत त्याचा कॅमेरा बहुतेक बॅगेतच असतो. याच दिवसांत पोळा येतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, वावरात कुणी जात नाही. घराघरांत नवे किंवा निदान धुतलेले कपडे अंगावर असतात, बाहेरगावची पोरं आलेली असतात, म्हातारी माणसं ओट्यावर असतात. ग्रामपंचायतीने किंवा एखाद्या गणेश मंडळाने त्या फोटोग्राफरला एका दिवसाची मजुरी द्यावी. मंडळं डीजेवर घालतात त्याच्या मानाने ती रक्कम किरकोळ आहे. शाळेच्या व्हरांड्यात एक खुर्ची ठेवावी आणि साठीच्या पुढच्या प्रत्येक माणसाला तिथं बोलवावं. ज्याला चालता येत नाही त्याच्या घरी खुर्ची न्यावी. कुणी बैलाबरोबर बसतो म्हटलं तर बसू द्यावं. कुणी बाई नवऱ्याबरोबर नको, मैत्रिणीबरोबर काढा म्हणाली तर तसा काढावा. सुरकुत्या पुसू नयेत, रंग उजळू नये. फोटो स्क्रीनवर त्या माणसाला दाखवावा आणि पसंत नसला तर पुन्हा काढावा.

दोन प्रती छापाव्यात, आठ बाय बारा इंच. एक घरी द्यावी, एक ग्रामपंचायतीच्या कपाटात जावी. मागच्या बाजूला पेन्सिलने नाव, माहेर-सासर आणि साल लिहावं. रेल्वेच्या गँगमध्ये होता, सालं धरली, सुईणपण केलं, तीन टर्म सरपंच होता, बचतगट चालवला, असं जे काही असेल ते त्या माणसालाच विचारून, तो सांगेल त्या शब्दांत लिहावं. मुलाला विचारू नये.